न पडलेल्या नाण्याचा आवाज

भरवशाच्या माणसाला मराठीत ‘खणखणीत नाणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग पेढीवरून भाषेत आला. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी व एक भाग हीण असे. थैलीतून ओतलेला प्रत्येक रुपया तराजूत घालत बसणे सराफाला परवडणारे नव्हते. तो रुपया फळीवर टाकून ऐकत असे. स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला तर रुपया खरा. बद्द आवाज आला तर बाजूला. १९४० पासून सरकारनेच रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि पुढे ती नाण्यांतून नाहीशीही झाली, पण कानाची परीक्षा बाजारातून गेली नाही. कुंभाराकडून मडके घेताना आजही टिचकी मारून पाहतात, काशाची वाटी बोटाने वाजवून घेतात, नारळ कानाशी हलवतात आणि आमच्या कोकणात फणस तयार झाला की नाही, हे थाप मारून ठरवतात.

व्यापारात वाढलेल्या कुटुंबांना कानाच्या या साक्षीचे मोल सांगावयास नको. म्हणूनच एका नव्या शास्त्राची ओळख त्यांना करून द्यावीशी वाटते. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकशास्त्राची एक शाखा अशी वाढली आहे, की जी कधीही न पडलेल्या नाण्याचा आवाज गणिताने काढून दाखवते. आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज ती वाजवत नाही. नाण्याचा व्यास, जाडी, धातूचा ताठपणा आणि ते कोठून कशावर पडले, एवढी माहिती पुरवली की आवाज तयार होतो. चित्रपटांतील आणि संगणकीय खेळांतील ॲनिमेशनसाठी हे शास्त्र जन्माला आले. परंतु त्याचे धागे आपल्या दुकानापर्यंत, कानावरच्या विश्वासापर्यंत आणि मुलांच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चापर्यंत येऊन पोहोचतात.

चित्राला आवाज नसतो

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या नावाचा छोटा चित्रपट केला. आगकाड्या थोड्याथोड्या हलवून, प्रत्येक वेळी एक चित्र घेऊन त्यांना चालते-बोलते करण्याचा तो प्रयोग होता. बोलते म्हणावे तर तेवढे मात्र खरे नाही, कारण तो काळ मूकपटांचा होता. मराठीत बोलपट आला तो १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ने. तेव्हापासून आवाज हा चित्रपटाचा अर्धा प्राण झाला.

परंतु माणसांच्या चित्रपटात आणि ॲनिमेशनमध्ये एक मोठा भेद आहे. माणूस पायऱ्या उतरतो तेव्हा पावलांचा आवाज जागेवर होतोच, ध्वनिग्राहक ठेवला की तो मिळतो. ॲनिमेशनमध्ये जागा नाही, पायऱ्या नाहीत आणि पाऊलही नाही. तेथे प्रत्येक आवाज बाहेरून आणून घालावा लागतो. हे काम करणाऱ्या कारागिरांना ‘फॉली’ कलावंत म्हणतात. अमेरिकेतील युनिव्हर्सल स्टुडिओत १९२० च्या दशकाच्या अखेरीस जॅक फॉली नावाच्या गृहस्थांनी पडद्यावरील चित्र पाहत पाहत त्याच क्षणी आवाज करून देण्याची पद्धत रूढ केली. त्यांचेच नाव या कलेला पडले. मुंबईच्या ध्वनिशाळांतही हे कलावंत आहेत. त्यांच्या खोलीत जुने जोडे, साखळ्या, भांडी, दारांच्या कड्या, कापडाचे तागे, वाळू आणि खडी असा भंगारवाल्याला शोभणारा संसार मांडलेला असतो. नायक घोड्यावरून आला की हे दोन करवंट्या वाजवतात.

पुढे संगणक आला आणि चित्रांचे हलणेही हिशेबाने होऊ लागले. भिंत कोसळली तर तिचा कोणता तुकडा कोठे जाईल, पाणी कसे उसळेल, पदर कसा उडेल, हे चित्रकार काढत नाही. गुरुत्वाकर्षणाचे आणि टकरींचे नियम वापरून संगणक काढतो. आता एका दृश्यात दोन हजार तुकडे पडत असतील, तर दोन हजार टकरींना फॉली कलावंताने हात कसे पुरवावेत? येथे शास्त्रज्ञांना एक सरळ विचार सुचला. कोणता तुकडा कोणत्या क्षणी कोठे किती जोराने आपटला, ही नोंद संगणकाच्या वहीत आधीच आहे. मग त्याच वहीवरून आवाजाचाही हिशेब का मांडू नये?

आवाजाचा जमाखर्च

विचार सरळ असला तरी हिशेब अवघड होता. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे पुरतात. डोळा तेवढ्यावर फसतो. कान असा फसत नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकतो. म्हणून सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी ४४,१०० आकडे नोंदवलेले असतात. एका चित्राच्या जागी अठराशेहून अधिक आकडे! दहा मिनिटांच्या आवाजाला २ कोटी ६४ लाख ६० हजार आकडे लागतात, तेही एकाच बाजूच्या कर्ण्यासाठी. वस्तूची हालचाल ज्या सावकाश पद्धतीने मोजली जाते, तिने हे काम होणे शक्य नव्हते.

वाट सापडली ती जुन्या भौतिकशास्त्रात. १७८७ साली क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला सारंगीसारखा गज फिरवला. वाळू उड्या मारून ठराविक रेषांवर जमली आणि पत्र्यावर रांगोळीसारख्या आकृती उमटल्या. दर स्वराला आकृती निराळी. यातून कळले, की कोणतीही घट्ट वस्तू हवी तशी थरथरत नाही. तिच्या आकाराने आणि द्रव्याने ठरवून दिलेल्या काही मोजक्या रीतींनीच ती थरथरते. प्रत्येक रीतीची कंपनसंख्या ठरलेली. घंटेवर टोल मारला की अशा अनेक रीती एकदम जाग्या होतात आणि त्यांच्या मिश्रणाला आपण घंटेचा नाद म्हणतो. काठावर मारले तर काही रीती अधिक जाग्या होतात, मध्यावर मारले तर दुसऱ्या. म्हणून एकच वाटी दोन ठिकाणी वेगळी वाजते.

आता वाणिज्याच्या पदवीधराला समजेल अशा भाषेत पुढचे सांगतो. आपण यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढतो. दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठराविक टक्के वजा करतो. आवाजही तसाच विझतो. समजा, एका धातूच्या भांड्यातील एक कंपन दर शतांश सेकंदाला उरलेल्या जोराच्या १० टक्के गमावते. मूळ जोर १०० धरला तर एक दशांश सेकंदानंतर ३५ उरतो, आणखी एक दशांश सेकंदानंतर १२. म्हणून भांडे घुमत राहते. लाकडात हाच घसारा ५० टक्के धरला, तर एक दशांश सेकंदात जोर हजारांश भागावर येतो. म्हणून लाकूड ‘टक्’ करून गप्प बसते. चांदी आणि शिसे यांच्यातला फरक, खऱ्या आणि खोट्या रुपयातला फरक, बव्हंशी या घसाऱ्याच्या दरात आहे. मडक्याला तडा असेल तर तडकलेल्या कडा एकमेकींवर घासून जोर खाऊन टाकतात, घसारा वाढतो आणि मडके बद्द वाजते.

संगणकाचे काम आता आटोक्यात आले. वस्तूचे बारीक बारीक तुकडे कल्पून तिच्या थरथरण्याच्या रीती, त्यांच्या कंपनसंख्या आणि त्यांचे घसाऱ्याचे दर एकदाच आधी काढून ठेवायचे. मग टक्कर झाली की, ती कोठे आणि किती जोराची यावरून प्रत्येक रीतीच्या खात्यात रक्कम जमा करायची, घसारा वजा करत न्यायचे आणि सर्व खात्यांची बेरीज कर्ण्याकडे पाठवायची. घरंगळणाऱ्या गोट्याच्या बाबतीत ही जमा एकदाच न होता सेकंदाला शेकडो वेळा होते. म्हणून त्याचा आवाज सलग ऐकू येतो.

२००१ साली लॉस एंजेलिस येथे भरलेल्या ‘सिग्राफ’ या संगणकीय चित्रशास्त्राच्या परिषदेत या दिशेचे दोन महत्त्वाचे निबंध आले. एक व्हॅन डेन डूल, क्राय आणि भारतीय वंशाचे दिनेश पै यांचा होता. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘फॉली-ऑटोमॅटिक’ असेच नाव दिले होते. दुसरा ओब्रायन, कुक आणि एस्सल यांचा. वस्तूच्या चलनातूनच तिचा आवाज निघावा, हे ध्येय दोहोंतही होते. पुढे कॉर्नेल आणि नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात डग जेम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विषयाचा जणू प्रपंचच मांडला. २०१० साली त्यांनी व चांग्शी झेंग यांनी फुटणाऱ्या वस्तूंचा हिशेब सोडवला. बशी फुटते तेव्हा प्रत्येक तुकडा ही नवी वस्तू होते आणि तिचे नवे खाते उघडावे लागते. एवढी खाती आयत्या वेळी उघडणे कठीण म्हणून साध्या आकारांची खाती त्यांनी आधीच तयार ठेवली होती.

पावसाचे गणित

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने पावसाच्या आवाजातच संसार चालतो आणि न पाहताही कळते, की आता पत्र्यावर पडतो आहे, आता कौलांवर, आता अंगणातल्या डबक्यात. पत्रा पातळ आणि ताठ. प्रत्येक थेंब त्याला थरथरवतो. कौल जाड आणि मातीचे. त्याचा घसारा मोठा. या दोहोंचा आवाज वरच्या रीतीने काढता येतो. पण डबक्यातील ‘टुप्’ या आवाजाचे काय? पाण्याला ना आकार, ना ताठपणा.

याचे उत्तर मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली दिले. बेल्जियममध्ये जन्मलेला आणि नेदरलँड्समध्ये काम केलेला हा खगोलशास्त्रज्ञ वाहत्या पाण्याच्या आवाजाकडे वळला आणि त्याने दाखवले, की पाणी बोलते ते त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. बुडबुडा दाबला जातो, फुगतो, पुन्हा दाबला जातो आणि या श्वासोच्छ्वासाला ठरलेली कंपनसंख्या असते. बुडबुडा जितका लहान तितका स्वर उंच. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो, तीन मिलिमीटरचा सुमारे १,०८७. तांब्यातून पाणी ओतताना होणारा खळखळाट ही हजारो बुडबुड्यांची एकत्र गायकी असते.

गळक्या नळाच्या बाबतीत मात्र शंका शिल्लक होती. २०१८ साली केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखालचा ध्वनिग्राहक लावून तीही मिटवली. एका मित्राच्या घरी गळक्या छपराखाली ठेवलेल्या भांड्यात थेंब पडत होते आणि तो आवाज ऐकून अगरवाल यांना हा विषय सुचला. कोकणात असे प्रयोगसाहित्य घरोघरी आहे! थेंब पाण्यावर आदळतो तो क्षण जवळजवळ निःशब्द असतो. पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना तळाशी इवलासा बुडबुडा अडकतो आणि त्या बुडबुड्याच्या धडधडीने वरचा पाण्याचा पृष्ठभाग पिस्टनसारखा हलून हवेत आवाज सोडतो. त्यांनी एक घरगुती उपायही सांगितला. भांड्यात थोडा भांडी घासायचा द्रव साबण टाकावा. पृष्ठभागाचा ताण बदलतो, बुडबुडा अडकत नाही आणि आवाज थांबतो. जिज्ञासूंनी येत्या आषाढात करून पाहावे.

याच बुडबुड्यांच्या आधारे झेंग आणि जेम्स यांनी २००९ साली पाण्याच्या ॲनिमेशनला पाण्याचाच आवाज दिला. वाहत्या पाण्याचे चलन काढताना कोठे किती मोठा बुडबुडा अडकेल याचा अंदाज घ्यायचा आणि प्रत्येकाचे खाते चालवायचे. पहिल्या पद्धतीत बुडबुडे गोल मानले होते. खरे बुडबुडे वेडेवाकडे असतात, जुळतात, फुटतात. २०१६ साली लांग्लुआ, झेंग आणि जेम्स यांनी तेही हिशेबात धरले आणि आवाज खऱ्याच्या बराच जवळ आला.

घुमट आणि हवा

वस्तू थरथरली म्हणजे काम संपत नाही. ती थरथर हवेतून आपल्या कानापर्यंत यावी लागते. पातळ तार स्वतः फारशी ऐकू येत नाही, तंबोऱ्याचा भोपळा तिचा आवाज हवेत पसरवतो. हा पसारा मोजण्याची पहिली व्यवहार्य रीत २००६ साली जेम्स, बार्बिच आणि पै यांनी दिली. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये वस्तूभोवतीच्या हवेचेच बारीक चौकोन कल्पून त्यांतून जाणारी लहर पावलापावलाने मोजण्यात आली. त्यात प्रामाणिकपणा मोठा, पण काही सेकंदांच्या आवाजासाठी संगणक तासन्‌तास राबतो. पुढल्याच वर्षी वांग आणि जेम्स यांनी निराळ्या कंपनसंख्यांच्या अनेक रीती एकाच हिशेबात, जणू एका झटक्यात वाजवलेल्या अनेक सुरांसारख्या, एकत्र घालून नंतर वेगळ्या काढल्या आणि आधी करून ठेवायचा हिशेब शेकडो पटींनी वेगवान झाला.

जागेचाही आवाज असतो. विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी टाळी वाजवली आहे त्यांना हे सांगावयास नको. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरांच्या आसपास जातो, म्हणजे समोर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पाव भागही लागत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा परत येतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही त्या सज्ज्यातील कुजबुजीचे कोडे खुणावले होते. संगणकीय खेळात खेळाडू मैदानातून गुहेत शिरला तर त्याच्या पावलांचा आवाज बदलला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात निकुंज रघुवंशी यांनी हे काम पुढे नेले; जागेतील लहरींचा हिशेब आधी करून ठेवून तो २०१६ साली आलेल्या ‘गिअर्स ऑफ वॉर ४’ या खेळात वापरला गेला.

जेथे हिशेब अपुरा पडतो

सर्वच आवाज या वहीत बसत नाहीत. पैठणीचा सळसळाट घ्या. कापडाचे लाखो धागे एकमेकांवर घसरतात आणि चुण्या पडतात; प्रत्येकाचा हिशेब मांडणे आजही आवाक्याबाहेरचे आहे. कॉर्नेलमध्ये २०१२ साली यावर तडजोड निघाली. कापडाची हालचाल गणिताने काढायची, पण आवाज मात्र खऱ्या कापडाच्या ध्वनिमुद्रणातील बारीक बारीक कात्रणे त्या हालचालीशी जुळवून जोडायचा. आगीच्या बाबतीतही २०११ साली असेच झाले: ज्वालेची खालच्या पट्टीतील घरघर भौतिकशास्त्रातून आणि वरच्या पट्टीतील तडतड अनुमानाने.

आता तिसरी वाट आली आहे, यंत्राला शिकवण्याची. २०१६ साली एमआयटीतील संशोधकांनी ढोलाच्या काठीने निरनिराळ्या वस्तूंवर मारल्याच्या सुमारे एक हजार चित्रफिती संगणकाला दाखवल्या. मग नवी, मुकी चित्रफीत पाहून आवाज कसा असेल हे तो स्वतः सुचवू लागला. आज चित्र पाहून आवाज घालणारी साधने झपाट्याने वाढत आहेत.

या दोन वाटांतला फरक बँकवाल्याला चटकन कळतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाची पत दोन रीतींनी पाहता येते. एक, त्याचा ताळेबंद मांडून, येणे-देणे तपासून. दुसरी, ‘असे दिसणारे, असे बोलणारे लोक सहसा फेडतात’ या अनुभवावरून. अनुभव पुष्कळदा बरोबर येतो आणि वेळही वाचतो. पण माणूस अनुभवाबाहेरचा निघाला की अनुभव गप्प बसतो. ताळेबंद तेव्हाही बोलतो. शिकवलेले यंत्र आजवर ऐकलेल्या आवाजांवरून अंदाज बांधते. भौतिकशास्त्राचा हिशेब कधीच अस्तित्वात नसलेल्या वस्तूचाही आवाज सांगू शकतो, आणि का तसा आला याचे कारणही देऊ शकतो.

कारागिराचा कान

हे सारे परदेशात घडले असे वाटत असेल, तर मिरजेकडे पाहावे. तेथील शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम मागे पडल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसभर घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि ऐकतो. तार त्या वक्र पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि तिच्यातून वरचे स्वर उमलतात. याच स्पर्शाचे गणित मांडून २०१६ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तंबोऱ्याचा आवाज संगणकावर जागच्या जागी निर्माण करण्यात आला. तबल्याच्या शाईने चामड्याचे स्वर सुरेल पटीत कसे येतात, हे रामन यांनी १९२० सालीच जगापुढे मांडले होते. शास्त्रज्ञाने गणिताने सिद्ध केले ते कारागिराने पिढ्यान्‌पिढ्या हाताने आणि कानाने साधले होते.

आता उलट प्रवासही सुरू आहे. २०१५ साली काही संशोधकांनी प्राण्यांच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या अशा कोरल्या, की त्या ठरवलेल्याच स्वरात वाजाव्यात. आकार कोठे किती बदलावा, हे संगणकाने आधी काढून दिले. घंटा ओतण्यापूर्वी तिचा नाद आणि गाडी बनण्यापूर्वी तिच्या दाराचा आवाज ऐकण्याची सोय यातून होते. भांडी, यंत्रसामग्री, वाद्ये यांच्या व्यापारात असलेल्यांनी याकडे लक्ष ठेवावे.

पारखीचे काय?

येथे माझ्या मनातील मुख्य काळजीकडे येतो. आवाज ही घटनेची साक्ष होती; नाणे पडल्याशिवाय नाण्याचा आवाज होत नसे. आता होतो. बनावट ध्वनी, नातलगाच्या नक्कल केलेल्या आवाजात पैसे मागणारे दूरध्वनी, या गोष्टी बँकेच्या ग्राहकांच्या दारात येऊन उभ्या आहेत. भौतिकशास्त्रातून आवाज काढणाऱ्या संशोधकांचा त्यात हात नाही; ती लबाडी निराळ्या, शिकवलेल्या यंत्रांची आहे. परिणाम मात्र एकच: नुसत्या कानावर व्यवहार करण्याचे दिवस संपले. आवाज ओळखीचा असला तरी फोन ठेवून, आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावून खात्री करावी, हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनाही शिकवावा.

तरीही या नाण्याला दुसरी बाजू आहे. खऱ्या रुपयाचा आवाज कसा यायला हवा हे ज्या गणिताने सांगता येते, त्याच गणिताने खोटा रुपया पकडताही येतो. नाणे वाजवून त्याची कंपनसंख्या तपासणारी साधने आता मोबाइलवर आली आहेत. रेल्वेच्या चाकावर हातोडी मारून तडा ओळखणाऱ्या कामगाराचा कान आता यंत्रालाही देता येतो. सराफाचा कान त्याच्याबरोबर जात असे. गणितात उतरलेला कान पुढच्या पिढीला देता येतो. माझ्या मते या शास्त्राची खरी किंमत चित्रपटाच्या करमणुकीपेक्षा येथे अधिक आहे.

मुलांनी हे शिकावे का?

आमच्या परिचयातील भांड्यांच्या एका व्यापाऱ्यांची कन्या बारावीनंतर ॲनिमेशनकडे जाऊ म्हणत होती. वडील मला म्हणाले, “काका, आवाज काढायला शिकण्यासाठी दुकान तारण ठेवायचे का?” मी काही बोलण्याआधीच मुलीने मांडणीवरची दोन पातेली मागे नेऊन एकामागून एक वाजवली. वडील गल्ल्यावरून मान न वळवता म्हणाले, “दुसऱ्याचा काठ चिरलाय. ते बाजूला ठेव.” ती म्हणाली, “पप्पा, तुम्हाला हे ऐकून कळतं. ते का कळतं, एवढंच मला शिकायचं आहे.” त्यावर वडिलांना लगेच उत्तर सुचले नाही. त्यांनी शेवटी एक अट घातली: आधी पदवी भौतिकशास्त्र किंवा गणितात, मग पुढचे. मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे ती काय करील हे ठाऊक नाही. पण अट मला रास्त वाटली.

कारण बँकेत असताना याच्या उलट उदाहरणेही पाहिली. लाखो रुपये शुल्क घेऊन एखादे सॉफ्टवेअर चालवायला शिकवणाऱ्या वर्गांसाठी पालकांनी कर्जे काढली. दोन वर्षांत ते सॉफ्टवेअर बाजूला पडले, हप्ते मात्र चालू राहिले. शिक्षणकर्जावर बहुधा शिकत असतानाच व्याज चढू लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रमात गणित आणि भौतिकशास्त्र आहे की केवळ साधनांचा वापर? शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते काम केले आहे? आणि मागच्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत? महाराष्ट्रातच पाहायचे तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्या जुन्या वास्तूत १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचे शिक्षण मिळते. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली स्थापन झालेल्या आयडीसी या अभिकल्प विद्यालयात ॲनिमेशन शिकवतात. तेथील प्रवेश कठीण असतो, पण तयारीचा खर्च वाया जात नाही, कारण तयारी पायाची असते.

फॉली कलावंतांची पोटे यामुळे मारली जातील का, असाही प्रश्न येतो. काही कामे जातील, हे मान्य केले पाहिजे. दोन हजार तुकड्यांचा कोसळ यंत्र करील. परंतु आई रागावून ताट ठेवते आणि दमून ताट ठेवते, या दोन आवाजांतला फरक टकरीच्या जोरात पुरता मावत नाही. त्यातला कोणता आवाज या दृश्याला हवा, हे ठरवणारा माणूस लागणारच, आणि त्याला हिशेबही कळत असेल तर त्याची किंमत वाढेल. ज्या घरात ग्राहकाच्या नजरेवरून आणि भांड्याच्या नादावरून माणूस व माल दोन्ही ओळखण्याची सवय आहे, त्या घरातील मुलामुलींकडे या कामाचे अर्धे भांडवल आधीच असते. उरलेले अर्धे, म्हणजे गणित, त्यांना मिळवून देणे आपल्या हातात आहे.